सतरा नंबरचं पाकीट

"पित्ताशय? खायला?"

आमची पहिली भेट ही अशी झाली. कत्तलखान्याचं मागचं दार, पायाखाली ओली फरशी, वरून रिपरिप... माझ्या हातात बर्फाचा डबा आणि समोर गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेला एक उंच माणूस. हातात सुरी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू मी चुकून पुरुषांच्या न्हाव्याकडे शिरले होते.

"खायला नाही," मी म्हटलं, "जखमेवर लावायला."

"कुणाच्या जखमेवर?"

"सध्या कुणी नाही. तोंड आवरलं नाहीत तर तुमच्याच."

मागे चार जण खो खो हसले. एक जण ओरडला, "वस्ताद, लागलं का?"

तर तो वस्ताद. तिथले सगळे त्याला तेच म्हणायचे. सुरी पुसत तो पुढे आला. "बोला मॅडम. किती पाहिजेत?"

"रोज वीस. पण न फुटलेली. काल तुमच्या माणसांनी बारा दिली, त्यातली नऊ गळकी. सगळा डबा हिरवागार."

"अहो, ते फुटलं तर आमचंच मटण कडू होतं. आम्ही ते उपटतो आणि फेकतो. त्याला कुणी जपतं होय?"

"मी जपते."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग लोखंडी टेबलावरचं शेळीचं काळीज उचललं. त्याच्या पाठीला चिकटलेली ती बोटभर हिरवी पिशवी होती ना, ती त्याने दोन बोटांनी अशी सोडवली, जसा झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून आपण हात काढतो. न फुटता, न गळता. माझ्या हातमोज्यावर ठेवली. अजून कोमट होती.

"अशी?"

"अशी," मी म्हटलं. आणि काय सांगू... कत्तलखान्यात उभं राहून लाजायची वेळ माझ्यावर यावी! एकतीस वर्षांची बाई मी. आत्तापर्यंत फुलं आणणारे पाहिले होते, चॉकलेटं आणणारे पाहिले होते. पित्ताशय पहिल्यांदाच.

* * *

आमची लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागची तीन खोल्यांची बैठी इमारत. खिडकीतून दिसतं काय, तर वाळत घातलेल्या चादरी आणि करडं आभाळ. कामही तसंच, धुण्याचं. पित्ताशय उभं चिरायचं, पित्त काढायचं, आतला गुळगुळीत थर खरवडायचा. मग सौम्य साबणाच्या पाण्यात दिवस-रात्र हलवत ठेवायचं. त्याने काय होतं, तर शेळीच्या सगळ्या पेशी निघून जातात आणि उरते फक्त जाळी. ती पुन्हा पुन्हा धुवायची, वाटायची, ताटात ओतून हळूहळू गोठवायची आणि निर्वात यंत्रात सुकवायची. बर्फ उडून जातो, बर्फाच्या जागी भोकं राहतात. हातात येतो एक पांढरा, पिसासारखा हलका स्पंज. त्याच्या आम्ही गोल चकत्या कापतो.

हे सगळं मी वस्तादला सांगितलं, कारण दोन आठवड्यांनी तो डबा घेऊन स्वतःच लॅबमध्ये येऊ लागला. "व्हॅनवाला उशीर करतो," असं कारण. व्हॅनवाला मला म्हणाला, "मॅडम, मी तर वेळेवर जातो. तेच किल्ली लपवतात."

"म्हणजे जुने भाडेकरू काढायचे," वस्ताद म्हणाला, "भिंती तेवढ्या ठेवायच्या."

"बरोबर. आणि मग जखमेवर ठेवलं की त्या माणसाच्या स्वतःच्या पेशी आत राहायला येतात. नवं मांस धरतं."

"बकरीच्या घरात माणूस!" तो हसला. "आणि भाडं?"

"तुम्ही चहा पिऊन वसूल करताय ते."

तो यायचा तो कोपरापर्यंत हात घासून, ओले केस चापून बसवून. अंगाला साबणाचा वास. इतका साबण, की मी म्हटलं, "तुम्हालाही दिवसभर हलवत ठेवलं होतं का?" तर म्हणाला, "हो ना. पेशी सगळ्या गेल्या. आता आत जागा रिकामी आहे."

घ्या! असं बोलतात का कुणी? तेही चहाचा कप हातात असताना... माझा चहा सांडला.

पिशव्यांच्या तोंडाला तो आता दोऱ्याची गाठ मारून आणायचा, पित्त गळू नये म्हणून. एके दिवशी निळा दोरा, एके दिवशी लाल, एकदा चक्क जांभळा. त्याची आई शिंपीण होती. मशीनवरून उरलेले दोरे हा ढापायचा.

आणि त्याला एक विद्या होती. समोरच्याच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखायचा.

"बोकड लाथ मारणार, हे आधी त्याच्या डोळ्यांत येतं," तो म्हणाला. "वाचता नाही आलं तर आपली बरगडी जाते. माझ्या दोन गेल्या, तेव्हा शिकलो."

"मी काय बोकड आहे?"

"बघू की. मुठी मिटा."

बाटलीचं रबरी बूच मी एका मुठीत लपवलं आणि दोन्ही मुठी पुढे केल्या. त्याने मुठींकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं... सावकाश, हसू दाबत.

"डावी."

पाचदा खेळलो. पाचही वेळा बरोबर. सहाव्यांदा मी बूच टेबलाखाली टाकून दोन्ही मुठी रिकाम्या पुढे केल्या. तो पाहत राहिला, आणि म्हणाला, "दोन्हींत नाही. पण तुम्हाला मी अजून थोडा वेळ बघावं असं वाटतंय."

मी म्हटलं, "निघा आता. काम आहे मला."

तो गेला. काम काही नव्हतं.

* * *

त्याच्या आईच्या पायाचं त्याने एकदाच सांगितलं, आणि तेही हसत सुरू करून.

"माझी आई मोठी वाघीण. स्वतःच्याच सुईची शिकार झाली."

साखरेचा आजार जुना. पाय बधिर झालेले. मशीनखाली पडलेली तुटकी सुई उजव्या तळव्यात घुसली आणि ती बाई दोन दिवस त्याच पायाने मशीन चालवत राहिली. कळलंच नाही. पायमोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. त्याला सात महिने झाले होते. अंगठ्याखाली रुपयाएवढा खड्डा, भरता भरत नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, आणखी थोडे महिने बघू. नाहीतर... पुढचं ते बोलत नाहीत. हाताने दाखवतात." त्याने तळहाताची कड पायावर आडवी ठेवली. मांस कापणाऱ्याचा हात तो. त्याला ती खूण फार चांगली कळत होती.

"पायाशिवाय मशीन नाही चालत," तो म्हणाला. "आणि मशीनशिवाय आई नाही चालत."

मीच म्हटलं मग. "दवाखान्यात आमच्या चकतीची चाचणी सुरू होतेय. तिथल्या डॉक्टरांना विचारा. पण मी वचन देत नाही हं काही."

वचन देत नाही म्हणताना मी त्याच्याकडे पाहिलं होतं. डोळ्यांनी काय दिलं असेल कुणास ठाऊक.

चाचणी अशी होती. चाळीस माणसं, चाळीस नंबर. वीस जणांना आमची चकती, वीस जणांना बाजारातली साधी, जी आजवर सगळ्यांना लावतात तीच. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरलेलं. रोग्याला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, नर्सला माहीत नाही. यादी एकच, मोठ्या बाईंच्या कुलपात. मोठ्या बाई म्हणजे लॅबच्या प्रमुख. आणि दुसरी यादी माझ्या डोक्यात, कारण नंबराची पाकिटं भरायची मी. म्हणून मला वॉर्डात जायची बंदी. माझं डोकं पाकिटांपुरतं, माणसांशी संबंध नाही.

आणि एका दुपारी दार ढकलून वस्ताद आत आला. धापा टाकत, खांदे पावसाने भिजलेले, चेहरा असा उजळलेला की खोलीत दिवा लावल्यासारखं वाटलं.

"घेतलं! आईला घेतलं चाचणीत! सतरा नंबर! कार्डावर मोठ्ठा लिहिलाय, सतरा!"

सतरा.

माझ्या डोक्यात पान उघडलं. मी नाही उघडलं, ते आपोआप उघडलं. पंधरा आमची, सोळा आमची, सतरा—

साधी.

मी गर्रकन वळले आणि बेसिनचा नळ सोडला. धुवायला काही नव्हतं. मी आपली स्वच्छ, कोरडी बोटं पाण्याखाली धरून उभी राहिले.

"मॅडम?"

"छान झालं," मी बेसिनला म्हटलं.

"माझ्याकडे बघून म्हणा की."

"थांबा... डोळ्यात साबण गेलाय."

मागून त्याचा आवाज आला, हळू. "हाताला तर साबण नाहीये तुमच्या."

नळ वाहत राहिला. दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी नळ बंद केला.

* * *

मोठ्या बाईंना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

"प्रेमबिम करतेस का त्याच्यावर?"

"नाही हो."

"तुला खोटं बोलता येत नाही, हीच तर पंचाईत आहे." त्यांनी चष्मा काढला. "आता नीट ऐक. त्याला कळलं की आई साध्यात आहे, की ती बाहेर पडेल. ती पडली की वॉर्डातली आणखी चार माणसं विचारतील, आमचं काय? मग चाळीसांचा त्रास पाण्यात. उद्या हा स्पंज खरंच चालतो की नाही, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मग तो कुणालाच मिळणार नाही."

"मी काय करू?"

"नंबर तू विसरणार नाहीस. मग त्याचं तोंड विसर. तो आला की भिंतीकडे बघ."

"किती दिवस?"

"बारा आठवडे."

लोक प्रेमात पडले की एकमेकांच्या डोळ्यांत बघतात म्हणे. माझ्या प्रेमाला पहिल्याच महिन्यात भिंत नेमून दिली होती. तिच्यावर ओल आलेली होती, खाली कोपऱ्यात पोपडे. बारा आठवडे. मला त्या भिंतीचा नकाशा पाठ झाला.

तो यायचा. डबा ठेवायचा. "आज वीस."

"ठेवा."

"माझ्या तोंडाला काही झालंय का?"

"कामात आहे मी."

"मग पाठीला सांगतो. पाठ तरी ऐकते का?" तो हसायचा प्रयत्न करायचा. "आईची जखम जरा लाल दिसतेय. नर्स म्हणाली, लाल चांगली. खरंय?"

"नर्सला जास्त कळतं."

"...बरं."

पिशव्यांच्या गाठी आता पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या. रोज पांढऱ्या. पण एकही गळकी नाही.

आता जे सांगते, ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी लॅबमध्ये मी एकटी होते. कपाटात पुढच्या आठवड्याची पाकिटं ओळीने उभी. सतरा. त्याच्याशेजारी अठरा. अठरात आमची चकती. दोघांवरचे चिकटलेले नंबर बदलायला किती वेळ लागतो? चहा गाळायला लागतो तेवढा.

मी सतराच्या कागदाचं टोक नखाने उचललं. निघत होतं. अगदी सहज निघत होतं...

मग माझी नजर अठरावर गेली. अठरा नंबर कोण, मला माहीत नव्हतं. कुणाची आई, कुणाचा बाप, कुणी एकटाच असेल. त्याचा मुलगा माझ्याकडे पित्ताशयं आणत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. मी ते टोक परत दाबलं. अंगठ्याने दाबत राहिले, दाबत राहिले, आणि मग खुर्चीत बसून इतकी रडले की पुन्हा हात धुवायला लागले.

* * *

सहाव्या आठवड्यात एक बाई लॅबच्या दारात उभी राहिली. ठेंगणी, काठी टेकत, उजवा पाय पट्टीत, गळ्यात मोजमापाची फीत. फीत काढायला विसरली असावी, किंवा झोपतानाही काढत नसावी.

"ती पित्तवाली तूच का?"

मी उठून उभी राहिले आणि लगेच जमिनीकडे बघू लागले. "या ना... बसा."

"बसायला नाही आले, बघायला आले. माझा मुलगा सकाळी निघताना तीन शर्ट बदलतो. कत्तलखान्यात जाताना! शेळ्यांना काय, शेवटचं चांगलं दिसावं म्हणून?"

मला हसू फुटलं. डोळे मात्र तिच्या चपलेवर. एका पायात चप्पल, दुसऱ्याला जुना मोजा.

"आणि हल्ली महिनाभर एकच शर्ट घालतोय. म्हणून आले. भांडलात का?"

"नाही हो काकू."

"मग मान वर कर की पोरी. लाजतेस?"

"...हो."

"बरं आहे. आमच्याकडे लाजणारं कुणी नाही. एक हवं घरात." ती काठी सावरत जवळ आली आणि न विचारता माझ्या खांद्याचं माप घेतलं. फीत थंड होती, बोटं गरम. "तुझा हा पांढरा कोट कुणी शिवलाय? खांदे बघ कसे लोंबतायत. पाय बरा झाला की तुला नवा शिवते. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे राहिले. तू बनवतेस ना त्या चकत्या? हाताला गुण आहे हो तुझ्या. माझा खड्डा भरतोय, मला आतून कळतंय."

पाय बधिर होता तिचा. सुई घुसलेली दोन दिवस कळली नव्हती. तिला आतून काय कळणार होतं?

"हो काकू," मी तिच्या मोज्याला म्हटलं.

* * *

आठव्या आठवड्यात जखमेची कड काळी पडली. हे त्याने मला सांगितलं नाही, व्हॅनवाल्याने सांगितलं. कारण वस्ताद यायचा बंद झाला होता. डबा मात्र रोज यायचा, वीसच्या वीस, पांढऱ्या गाठीच्या. एके दिवशी मात्र एक पित्ताशय फुटलेलं निघालं. उभी चीर, स्वच्छ, टोकापासून टोकापर्यंत. मी ते बाजूला टाकलं. होतं कधी कधी, असं म्हटलं.

दहाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दवाखान्याने त्याच्या आईचा अर्धा पाय कापला. बोटं आणि तळव्याचा पुढचा भाग. टाच वाचली.

गुरुवारी दुपारी तो आला. डबा नव्हता हातात. सुकवणीचं यंत्र घुंऽऽ करत होतं. मी सवयीने भिंतीकडे वळले.

"आता कशाला?" तो म्हणाला. "आता चाचणीतून बाहेर आहे ती. वळा इकडे."

मी वळले नाही. मला जमेचना.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सतरा म्हणजे काय ते. चांगली असती तर तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं. तुमच्या डोळ्यांत मावलं नसतं ते. तुम्ही नळ सोडलात."

मी भिंतीला हात टेकला. दहा आठवडे मी ज्यासाठी मान मोडून घेतली, ते पहिल्या मिनिटाला सांडून गेलं होतं.

"मग काढलं का नाहीत तिला?" माझा आवाज फुटला. "ओरडला का नाहीत माझ्यावर?"

"काढून कुठे नेऊ? बाहेरही साधीच लावणार होते. इथे निदान दर आठवड्याला मोठे डॉक्टर पाय बघायचे." तो थांबला. "आणि आई खूश होती हो. सगळ्या गल्लीला सांगत होती, माझ्या पायात विज्ञान आहे म्हणून. ते मी कशाला काढून घेऊ?"

"पण मला तरी सांगायचं..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणून गेला असतात. तोंडाने नाही म्हणाला असतात, पण डोळ्यांनी हो म्हणून गेला असतात. मग तुमचं काम मोडलं असतं. मला वाचता येतं, याची शिक्षा तुम्हाला कशाला?"

यंत्र घुंऽऽ करत राहिलं.

"मी काही साधू नाही हं," तो म्हणाला. "काळी कड दिसली त्या सकाळी माझ्या टेबलावर वीस पिशव्या होत्या. म्हटलं, सगळ्या फोडतो. कुणाचंच नको व्हायला बरं. पहिली चिरली. हात हिरवा झाला, कडू वास नाकात गेला... आणि पुढची चिरवेना. एकोणीस तशाच बांधल्या. फुटकीही टाकली डब्यात. लपवावीशी नाही वाटली."

"मी नंबर बदलणार होते," मी म्हटलं.

"काय?"

"सतराचा अठराला. नखाने टोक काढलं होतं. निघतही होतं. मी नाही केलं. मी केलं असतं तर कदाचित तुमच्या आईचा पाय..."

मी वळले होते. कधी वळले, कळलं नाही. तो दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेले, शर्टाची दोन बटणं चुकीच्या काज्यात. दहा आठवड्यांनी मी त्याला बघत होते आणि तो असा दिसत होता.

"अठरा कोण होतं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला वाचता येत नव्हतं. मला ती विद्या नाही.

"आत्ता," शेवटी तो म्हणाला, "आत्ता मला तुझा राग आलाय. खोटं कशाला बोलू? तू केलं नाहीस याचा आलाय. उद्या तो जाईल की परवा, मला माहीत नाही."

"तू" म्हणाला. पहिल्यांदाच. आणि ते असं म्हणाला.

तो गेला.

* * *

राग जायला उद्या-परवा नाही, अडीच महिने लागले. डबा यायचा, तो नाही.

दरम्यान चाळीसही जणांचे बारा आठवडे संपले आणि मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. आमची चकती लावलेल्या वीसपैकी चौदा जणांच्या जखमा भरल्या होत्या. साधी लावलेल्या वीसपैकी आठ जणांच्या. मोठ्या बाई कधी रडत नाहीत, त्या नाक शिंकरायला बाहेर गेल्या. मी आकडे बघत बसले. चौदा. म्हणजे आमच्यातल्याही सहा जणांच्या भरल्या नव्हत्या. सतराला आमची मिळाली असती, तरी ती त्या सहांत असू शकली असती. नसूही शकली असती. हे गणित मी आयुष्यभर केलं तरी सुटणार नाही.

ज्यांना साधी मिळाली, त्यांच्या जखमा उरल्या असतील तर आता आमची लावायची, असं ठरलं. त्याच्या आईच्या कापलेल्या पायाची जखम एका बाजूला अजून उघडीच होती. माझी वॉर्डाची बंदी उठली. नर्सबरोबर पाकीट घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले. पाकिटावर नंबर नव्हता, तिचं नाव होतं.

वॉर्डाबाहेर बाकावर तो बसला होता. बाहेर पावसाची झड लागली होती, खिडकीच्या काचा धुरकट. रांगेत पट्ट्या बांधलेले पाय, सगळे दाराकडे तोंड करून.

"डाव्या पायाने मशीन शिकतेय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "काल माझा एक शर्ट शिवला. एक बाही लांब, एक आखूड. वर मलाच म्हणते, तुझेच हात वेडेवाकडे."

"राग गेला?"

"सगळा नाही. थोडा आहे अजून. राहील वाटतं थोडा." त्याने मान खाली घातली. "राहिला तर चालेल का तुला?"

मी शेजारी बसले. पाकीट मांडीवर.

"चालेल."

"मग एक विचारायचंय. पण..." त्याने डोळे मिटले. खरंच मिटले, घट्ट, लहान मुलासारखे. "मी बघणार नाही. तुझं तोंड वाचून मी एकदा उत्तर घेतलंय. ते मला पुरलं. आता तू बोलायचं. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. तोंडाने."

"प्रश्न तरी विचार."

"घरी दोन माणसं. एक अर्ध्या पायाची, एक अर्ध्या रागाची. येशील?"

त्याच्या पापण्या थरथरत होत्या. मी पोटभर बघून घेतलं त्याला. दहा आठवड्यांची, अडीच महिन्यांची, सगळी बाकी... कुणी मधे नव्हतं, भिंत नव्हती.

"हो," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक आला, की शेजारच्या आजोबांनी कान पुढे केला.

"हो!" मी पुन्हा म्हटलं. सगळा बाक माझ्याकडे बघू लागला. "हो म्हणाले मी. येते."

पडद्यामागून त्याच्या आईचा आवाज आला, "ती काय तिथेच नांदणार आहे का? मला इथे पट्टी सोडून बसवलंय, पाय गार पडलाय!"

त्याने डोळे उघडले. ओले होते. मी उठले, पाकीट उचललं आणि त्याचा हात धरून आत गेले.

नर्सने जखम पुसली. मी चकती काढून दिली. पांढरी, हलकी. ती जखमेवर टेकताच कडेने हळूहळू लाल होऊ लागली, रक्त आत ओढून घेऊ लागली. धरेल का? ते दोन आठवड्यांनी कळणार होतं. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो.